मंडईचे दिवस आणि उपचाराची वाट

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. आज एका गावची, परवा शेजारच्या गावची. लेकी-जावई, बहिणी-भाटवे, मामा-मावश्या यांनी घर भरून जातं. दुपारी मटणाचं जेवण, संध्याकाळी बाजारात शिंगाडे आणि जिलेबी, रात्री मांडवात पहाटेपर्यंत नाटक. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम तर होळीपर्यंत चालतो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत नात्यागोत्याच्या खऱ्या भेटी होतात त्या याच दिवसांत. बल्लारपूर-चंद्रपूरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या आठवड्यात अशीच माणसं जमतात.

या गर्दीत एखादं जोडपं मनातून धास्तावलेलं असतं. लग्नाला चार-पाच वर्षं झालेली असतात. नागपूरच्या दवाखान्यात तपासण्या झालेल्या, फाईल तयार, डॉक्टरांनी उपचारही सांगितलेला असतो. पण तो सुरू व्हायला अजून दोन महिने, कधी सहा महिने असतात. सांगण्यासारखं हातात काही नाही आणि विचारणारे मात्र घरभर. हा लेख अशा जोडप्यांसाठी आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही.

माझं म्हणणं एवढंच आहे: हा थांबण्याचा काळ उपचाराचाच भाग समजा, आणि सण कसा पार पाडायचा ते दोघांनी मिळून आधी ठरवा. कुठं जायचं, किती दिवस राहायचं, कुणाला किती सांगायचं, पैसा कशावर खर्च करायचा, हे तुम्ही ठरवलं नाही तर नातेवाईक ठरवतात. आणि त्याचा भार बहुतेक वेळा एकट्या बाईवर पडतो.

उपचार कशामुळे लांबतो

सुरू न झालेला उपचार लोकांना टाळाटाळ वाटतो, हळूहळू आपल्यालाही तसंच वाटायला लागतं. म्हणून थांबण्याची कारणं आधी स्वतःला नीट माहीत हवीत.

वर्षभर कोणतंही साधन न वापरता नियमित संबंध ठेवूनही दिवस गेले नाहीत, तर तपासणी करावी असं वैद्यकशास्त्र सांगतं. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावं. तपासणीत काही सापडलं तर आधी ते दुरुस्त करावं लागतं. थायरॉईड आटोक्यात आणायला काही आठवडे जातात. आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्याचं एक मोठं कारण जननमार्गाचा क्षयरोग आहे. तो निघाला तर साधारण सहा महिन्यांचा औषधोपचार आधी पूर्ण करावा लागतो. रक्त कमी असेल तर तेही भरून काढावं लागतं. डॉक्टर थांबवतात ते पुढचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून.

दुसरं कारण पैशाचं. आयव्हीएफचा खर्च सरकारी जन आरोग्य योजनांमध्ये साधारणपणे बसत नाही. आपल्याकडे हातात रोख येते ती धानाचा चुकारा मिळाल्यावर किंवा मे महिन्यातल्या तेंदूपानाच्या हंगामानंतर. चुकारा लांबला की दवाखानाही लांबतो. यात लाजण्यासारखं काही नाही. बहुतेक शेतकरी घरांचं वर्ष असंच चालतं.

तिसरं कारण अंतराचं. आयव्हीएफमध्ये पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण दहा ते बारा दिवस इंजेक्शनं असतात. मधे तीन-चार वेळा सोनोग्राफी होते. शेवटच्या इंजेक्शननंतर ३४ ते ३६ तासांनी बीजांडं काढतात. त्या तासांत पुढं-मागं चालत नाही. भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंच्याहून हे जाऊन-येऊन जमणारं नाही. नागपुरात दोन-तीन आठवडे मुक्काम करावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद पडतो. म्हणून अनेक जोडपी पाऊस आणि धानकापणी संपल्यावर उपचार सुरू करतात. हा शहाणपणाचा निर्णय आहे. त्याला दिरंगाई म्हणू नका, आणि दुसऱ्यांनाही म्हणू देऊ नका.

घरून निघण्याआधी दोघांनी बसा

मंडईला किंवा दिवाळीला निघण्याच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी फोन बाजूला ठेवून दोघांनी बोला. चार गोष्टी ठरल्या तरी पुष्कळ झालं.

पहिली गोष्ट, कुणाला किती सांगायचं. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही, आणि सगळ्यांपासून सगळं लपवणंही फार दिवस झेपत नाही. दोन्हीकडचं मिळून एक-दोन विश्वासाची माणसं निवडा: एखादी वहिनी, धाकटा दीर, माहेरची मावशी. त्यांना खरी परिस्थिती सांगा आणि ती पुढं जाणार नाही असं कबूल करून घ्या. नागपुरात ज्यांच्या घरी मुक्काम करणार आहात त्यांना तर सांगावंच लागेल, कारण रोज सकाळी तुम्ही कुठं जाता हे त्यांच्यापासून लपणार नाही.

तपासणीत कुणात काय निघालं, हे मात्र दोघांच्या संमतीशिवाय कुणालाही कळता कामा नये. नवऱ्याचा दोष झाकायला बायकोने आयुष्यभर बोलणी खायची, हे आपल्याकडे फार घरांत चालतं. तसंच बायकोत दोष निघाल्याचं नवऱ्याने आईला सांगून टाकायचं, हेही चालतं. दोन्ही अन्याय आहेत. 'आमच्या दोघांचा उपचार आहे' एवढंच सांगायचं आणि त्यापुढं जायचं नाही. २०२१ च्या सहाय्यक जननतंत्रज्ञान कायद्याने जोडप्याची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक केलं आहे. दवाखान्याला जे पाळावं लागतं, ते घरानेही पाळायला हवं.

दुसरी गोष्ट, उत्तर कोण देणार. नवऱ्याच्या नातेवाइकांना नवऱ्याने, बायकोच्या नातेवाइकांना बायकोने उत्तर द्यायचं. हा साधा नियम पाळला तरी सुनेवरचा निम्मा ताण उतरतो. सासरच्या अंगणात आत्याबाईंनी प्रश्न टाकला आणि नवरा मान खाली घालून खर्रा घोटत बसला, तर त्या बाईला ते गप्प बसणं प्रश्नापेक्षा जास्त लागतं.

तिसरी गोष्ट, मुक्काम. चार मंडयांची आमंत्रणं असतील तर चारही ठिकाणी जाणं सक्तीचं नाही. जिथं जीव रमतो तिथं दोन दिवस राहा, जिथं टोचून बोलतात तिथं सकाळी जाऊन जेवून संध्याकाळी परत या. परतीचं वाहन आधीच ठरलेलं असलं म्हणजे 'आज राहा नं' या आग्रहाला उत्तर शोधत बसावं लागत नाही.

चौथी गोष्ट, पैसा. उपचारासाठी बाजूला काढलेली रक्कम सणाच्या खर्चात मिसळू देऊ नका. वेगळ्या खात्यात ठेवा. आहेर, साड्या, मटण, नाटकाची वर्गणी यांचा आकडा आधी ठरवा. 'यंदा थोडं हात आखडून आहे' असं म्हणायला संकोच वाटू देऊ नका.

प्रश्न येणारच, उत्तर तोंडात तयार ठेवा

जेवणाची पंगत बसलेली असते. वाढणारी मोठी आई भाताचं पातेलं घेऊन येते आणि चारचौघांत विचारते, "का वं पोरी, यंदा तरी काही हाय का बातमी?" बाजूच्या बायका हात थांबवून बघतात. तेवढ्या क्षणात नवं उत्तर सुचत नाही. म्हणून दोन-तीन वाक्यं घरूनच ठरवून न्या आणि प्रत्येकाला तीच सांगा.

मायेनं विचारणाऱ्याला: "दवाखाना सुरू आहे मोठी आई. सांगण्यासारखं झालं की आधी तुम्हालाच सांगू."

खोदून विचारणाऱ्याला: "डॉक्टरांनी सांगितलं तसं करतो आहे आम्ही. त्याबद्दल आता नको बोलायला. तुमच्याकडं धान किती झालं यंदा?"

सल्ला देणाऱ्याला: "बरं, लक्षात ठेवते." यापुढं वाद घालू नका. सल्ला ऐकून घेतला म्हणजे तो पाळायचं वचन दिलं असं होत नाही.

चारचौघांत टोमणा मारणाऱ्याला नवऱ्यानेच म्हणावं: "आत्याबाई, हा आमच्या दोघांचा विषय आहे. तिला एकटीला विचारू नका, मला विचारा." आवाज न चढवता हे एकदा ठामपणे सांगितलं, की बहुतेक ठिकाणी पुढच्या मंडईला प्रश्न येत नाही.

'काही नाही, आम्हालाच सध्या नको आहे' हे उत्तर सोपं वाटतं, पण ते टाळलेलं बरं. उद्या उपचारासाठी नागपूरला दोन आठवडे राहायची वेळ आली की ते खोटं सांभाळणं अवघड जातं. शिवाय मग 'आता पुरे झालं थांबणं' म्हणून आग्रह दुप्पट होतो.

प्रश्न विचारणारा प्रत्येक माणूस दुष्ट नसतो, हेही खरं. आपल्याकडे मायेची विचारपूसही याच शब्दांत होते. ज्या बाईने तुम्हाला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं, तिला काळजी दाखवायची दुसरी रीत कुणी शिकवलेली नसते. तिला एकदा बाजूला घेऊन सांगा: "तुम्ही विचारलं की मला रडू येतं. नका विचारू." बहुतेक बायकांना हे लगेच कळतं.

पाळी, पूजा आणि पाळी लांबवायच्या गोळ्या

आपल्या भागात पाळी ही खासगी गोष्ट राहत नाही. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बाई कुर्मा घरात जाऊन राहते; या महिन्यातही दिवस गेले नाहीत, हे त्या दिवशी साऱ्या गावाला कळतं. इतर घरांतही महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला सून हात लावत नाही किंवा लक्ष्मीपूजनाला ती देवघराबाहेर बसलेली दिसते, की न सांगता सगळ्यांना समजतं. ज्या दिवशी बाईचं मन सगळ्यात खचलेलं असतं, त्याच दिवशी तिची बातमी सार्वजनिक होते. हे घरच्या बायकांनी जाणलं पाहिजे. त्या दिवशी तिच्यासमोर हिशेब करायचा नाही, सुस्कारे टाकायचे नाहीत.

हे टाळायला म्हणून किंवा पूजेत अडचण नको म्हणून अनेकजणी औषधाच्या दुकानातून पाळी लांबवायच्या गोळ्या आणतात. तपासण्या किंवा उपचार चालू असताना डॉक्टरांना न विचारता या गोळ्या घेऊ नका. या उपचारातल्या बऱ्याच तपासण्या पाळीच्या दिवसावर बांधलेल्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त आणि सोनोग्राफी, रक्तस्राव थांबल्यावर साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात गर्भनलिकेचा एक्स-रे. पाळी गोळीने पुढं ढकलली की हे सगळं वेळापत्रक कोलमडतं आणि आणखी एक महिना हातचा जातो. दिवस राहिलेले असण्याची शक्यता असेल तर आधी चाचणी करूनच कोणतंही औषध घ्यावं.

चालू असलेली औषधं प्रवासात चुकवू नका. थायरॉईडची गोळी आणि फॉलिक अॅसिड एका छोट्या डब्यात घालून पर्समध्येच ठेवा. फॉलिक अॅसिड दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून घ्यायचं असतं. नेहमीचं प्रमाण रोज ४०० मायक्रोग्रॅम, पण तुमचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मधुमेहाच्या किंवा तशा गोळ्या चालू असतील तर निर्जळी उपवास करण्याआधी विचारा.

बारसं, डोहाळजेवण आणि संक्रांतीचं हळदीकुंकू

सगळे जमले आहेत म्हणून दिवाळी-मंडईतच बारसं किंवा डोहाळजेवण उरकून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. तुमच्यानंतर लग्न झालेल्या जावेची ओटी भरली जाते आणि तुम्हाला हसऱ्या चेहऱ्याने उभं राहायचं असतं. त्या वेळी पोटात कालवतं. याला हेवा म्हणून स्वतःला दोष देऊ नका. तिच्या सुखाचा आनंद आणि आपल्या रिकामपणाचं दुःख एकाच मनात एकाच वेळी राहू शकतं.

जायचंच असेल तर कामात हात घाला. वाढायला उभं राहिलं, पोरांना जिलेबी वाटली, की गप्पांच्या घोळक्यात बसावं लागत नाही. आहेर द्या, आशीर्वाद द्या आणि अर्ध्या तासाने निघा. नवऱ्याला आधीच सांगून ठेवा: 'मी पाणी मागितलं की आपण निघायचं.' जायची ताकद नसेल तर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी एकटीने जाऊन बाळाला बघून या. मानही राहतो, मनही सावरतं.

काही घरांत उलटं होतं. मूल नसलेल्या बाईला डोहाळजेवणाला बोलवत नाहीत, ओटी भरू देत नाहीत, बाळाला हात लावू देत नाहीत. ही रीत क्रूर आहे आणि ती मोडलीच पाहिजे. त्यासाठी मोठं काही करावं लागत नाही: घरातल्या सर्वांत मोठ्या बाईने तिच्या हातात ओटीचं ताट दिलं, की बाकीच्या गप्प बसतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवातही तेच करा.

पुरुषांनो, हे तीन महिने तुमचे आहेत

मूल होण्यात अडचण असलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडूनही काही ना काही कारण असतं. तरीही आपल्याकडे आधी बाईच्या दहा तपासण्या होतात आणि पुरुषाची एक साधी वीर्यतपासणी सर्वांत शेवटी. ती आधी करा. तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे असतात, एवढीच तयारी.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात. आज जे खाता-पिता त्याचा परिणाम तीन महिन्यांनी दिसतो. भाऊबीजेला खर्रा सोडला, तर संक्रांत झाल्यावर केलेल्या तपासणीत त्याचं फळ दिसू शकतं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत खर्रा हा पाहुणचाराचा भाग झाला आहे. मंडईत भेटणारा प्रत्येकजण पन्नी पुढं करतो. 'दवाखान्याचा उपचार चालू आहे, डॉक्टरांनी बंद केला' असं सरळ सांगा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी असली तरी मंडईच्या रात्री मोहाची बाटली फिरते, हे सगळ्यांना माहीत आहे. तिलाही याच उत्तराने नकार द्या. घोळक्यात एकट्याने सोडणं अवघड असतं, म्हणून एखाद्या भावाला किंवा मित्राला बरोबर घ्या.

मलेरिया किंवा दुसरा जोराचा ताप येऊन गेला असेल, तर त्यानंतर काही आठवडे शुक्राणूंची संख्या घटलेली असू शकते. तापानंतर लगेच केलेल्या एका तपासणीवरून निराश होऊ नका. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करा. वीटभट्टी, वीज केंद्र, खाणी अशा ठिकाणी सततच्या उष्णतेत काम असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

या काळात सिकलसेलची तपासणी करून घ्या

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. ही तपासणी नसेल झाली, तर थांबण्याचा हा काळ त्यासाठी सोन्यासारखा आहे. दोघांचीही करा. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ५० टक्के शक्यता बाळ वाहक असण्याची आणि २५ टक्के पूर्ण निरोगी असण्याची. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्यात दोष नसेल, तर बाळाला सिकलसेलचा आजार होत नाही. १ जुलै २०२३ ला देशभर सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानात ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून होते. पहिल्या चाचणीत दोष दिसला तर पुढची पक्की चाचणी करूनच निष्कर्ष काढा.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना याचा कागद दाखवा. दोघंही वाहक असतील तर गर्भाची तपासणी करण्याचे मार्ग आहेत. त्यांची माहिती आधी घेतली म्हणजे घाईत निर्णय घ्यावा लागत नाही. दोघांपैकी कुणाला आजार असून हायड्रॉक्सियुरिया चालू असेल, तर मूल हवं असल्याचं डॉक्टरांना सांगा. मनाने गोळी बंद करू नका.

याच काळात आणखी एक तपासणी राहून जाऊ देऊ नका. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं अशा तक्रारी बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात, कारण त्या कुणाला सांगायच्या नसतात. गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केली होती. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखवलेली ही गोष्ट आपण तरी विसरू नये. अशी तक्रार असेल तर मंडईच्या आधीच दाखवून घ्या.

नवस, जडीबुटी आणि मांत्रिक

मार्कंड्याला महाशिवरात्रीची यात्रा असते, चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची. देवावर श्रद्धा आहे म्हणून नवस बोललात तर त्यात वाईट काही नाही. मनाला धीर मिळतो. पण नवस फेडेपर्यंत दवाखाना थांबवायचा, असं करू नका. वय पुढं सरकत असतं, विशेषतः बाईचं.

नातेवाइकांनी आणून दिलेलं झाडपाल्याचं औषध उपचाराच्या काळात घेऊ नका. त्यात काय आहे हे माहीत नसतं आणि चालू गोळ्यांशी ते जुळेल की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. देणाऱ्याचा मान राखून घ्या, घरी आणून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

'मूल होऊ देतो' म्हणून बाईला एकटीला बोलावणाऱ्या बाबापासून आणि मांत्रिकापासून लांब राहा. अलौकिक शक्तीने मूल देतो असं सांगून बाईशी लैंगिक संबंध ठेवणं, हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला आहे. कुणी कितीही ओळखीचा असो, तिथं बाईला एकटीला पाठवायचं नाही.

शहरातल्या दवाखान्यांच्या जाहिरातींबाबतही सावध राहा. हा उपचार देणाऱ्या दवाखान्याची नोंदणी २०२१ च्या कायद्याखाली झालेली असावी लागते. यशाची शक्यता, धोके आणि खर्च समजावून सांगणं, समुपदेशन करणं आणि लेखी संमती घेणं ही त्यांची जबाबदारी आहे. शंभर टक्के खात्री देणारा आणि मुलगा होईल असं सुचवणारा, दोघांकडेही पाठ फिरवा. गर्भलिंग निवड हा गुन्हा आहे.

बोलणं मर्यादेबाहेर गेलं तर

चिडवणं, दुर्लक्ष, 'हिला सोड, दुसरी कर' असं दिवसरात्र ऐकवणं, हे सगळं सहन करायचंच असं कुठं लिहिलेलं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून केलेला अपमान आणि टिंगल यांचा शाब्दिक व भावनिक छळ म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. हिंदू विवाह कायद्यात मूल न होणं हे घटस्फोटाचं कारण नाही. मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१, जिल्ह्याचं सखी केंद्र किंवा संरक्षण अधिकारी आहेत.

झोप उडाली, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, जगू नये असं वाटतं, असं काही झालं तर ते मनात ठेवू नका. १४४१६ या टेली मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. जीव नको वाटण्याचा विचार येत असेल, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि दवाखान्यात जा. नवऱ्यालाही हा ताण असतो. तो रडत नाही म्हणून त्याला काही वाटत नाही असं समजू नका.

घरच्या मोठ्यांना विनंती

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. तुमच्या मंडईच्या पंगतीत बसलेल्या पाहुण्यांत असं एखादं जोडपं असेलच. त्यांना मदत करायची असेल तर करण्यासारखं पुष्कळ आहे. नागपुरात तुमचं घर असेल तर एक खोली त्यांना द्या. ते दवाखान्यात असताना त्यांच्या धानाच्या मळणीला एक दिवस जा, गुरांना चारा टाका. चुकारा अडला असेल तर हातउसने द्या. ओटी भरायला त्या सुनेलाही पुढं बोलवा. मुलाला विचारा, "तू तुझी तपासणी केलीस का?" आणि तिला विचारणं सोडून द्या.

या मंडईला ते दोघं दारात आले, की प्रवास नीट झाला का, एवढंच विचारा आणि जेवायला वाढा. बाकीचं सांगायचं असेल तेव्हा ते आपणहून सांगतील.